काचघरातली चूल

गेल्या वर्षी मे महिन्यात सांगलीचा माझा मावसभाऊ आणि वहिनी युरोपच्या सहलीला निघाले. निरोप द्यायला मी साताऱ्याहून गेलो होतो. दिवाणखान्यात बॅग काट्यावर चढली होती आणि वाद चालला होता तो कपड्यांचा नव्हे, खाण्याचा. दोन किलो भडंग, मेतकूट, दाण्याची चटणी, गूळपोळ्या, खाकऱ्याची पाकिटे. मी नेलेले कंदी पेढे मात्र वहिनीने बाजूला काढून ठेवले, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. सहल कंपनीने रोज रात्री भारतीय जेवण देण्याचे कबूल केले होते, सोबत स्वयंपाकीही येणार होता. तरी भाऊ मला तिसऱ्यांदा म्हणाला, "दादा, तुम्ही इतिहास शिकवलात. आपली माणसं पूर्वी तिकडे जायची तेव्हा खायची तरी काय?"

प्रश्न गंमतीचा होता. पण परतीच्या एस.टी.त बसल्यावर तो डोक्यातून जाईना. आपल्याकडे परदेशगमनाचा इतिहास लिहिला गेला तो राजकारणाचा, शिक्षणाचा, फार तर प्रायश्चित्ताचा. लंडनला गेलेल्या मराठी माणसाने कोणाची भेट घेतली, कोणता अर्ज दिला, कोणते भाषण केले, हे सापडते. त्या दिवशी दुपारी तो जेवला काय, हे ओळींच्या मधून वेचून काढावे लागते.

वेचायला बसलो आणि पहिलाच धागा निघाला तो १७८१ सालचा.

राघोबादादा त्या वेळी इंग्रजांच्या आश्रयाला होते. १७७५ च्या सुरतेच्या तहाने सुरू झालेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध सहा वर्षे रेंगाळले होते. वडगावला १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची मानहानी झाली होती. मुंबईकर इंग्रज आणि कलकत्तेकर इंग्रज यांचे आपसात पटत नव्हते. अशा वेळी दादांनी थेट विलायतेच्या दरबारी गाऱ्हाणे नेण्याचे ठरवले. त्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि मनियार रतनजी व त्याचा मुलगा कर्सेटजी हे पारशी पितापुत्र लंडनला गेले. कामाचा निकाल काय लागला हे सर्वांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, मे १७८२ मध्ये, सालबाईचा तह झाला, दादांना तनख्यावर बसवले गेले आणि १७८३ च्या अखेरीस कोपरगावी त्यांचा शेवट झाला. योगायोग असा, की हणमंतराव लंडनमध्ये दारे ठोठावत होता त्याच वर्षीच्या वसंतात आमच्या सांगली भागातले तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके बोरघाटात जनरल गॉडर्डला मागे रेटत होते. दादांच्या वकिलीचा पाया इकडे घाटात ढासळत होता आणि तिकडे त्यांचा वकील जेवायचे कुठे या विवंचनेत होता.

विवंचना खरीच होती. त्या लंडनमध्ये 'करी' मिळत नव्हती असे नाही. हेमार्केटजवळच्या नॉरिस स्ट्रीटवरचे एक कॉफी हाउस १७७३ सालीच तिची जाहिरात करत होते. पण ती कंपनीची नोकरी करून परतलेल्या, जिभेला मसाल्याची चटक लागलेल्या साहेबांसाठी. मांसाविना जेवणाऱ्याला इंग्रजीत तेव्हा धड नावही नव्हते. अशा आहाराला ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावरून 'पायथॅगोरसचा आहार' म्हणत, आणि तो पाळणारा म्हणजे एखादा विक्षिप्त वैद्य किंवा तत्त्वज्ञ. पण हणमंतरावाची अडचण ताटात काय पडते एवढीच असती तर ब्रेड, लोणी, सफरचंद, उकडलेला बटाटा यांवर भागले असते. त्याची अडचण त्याच्याही आधी सुरू होत होती: पाणी कोणी भरले, चूल कोणी पेटवली, भांडे कोणाच्या हाताचे. ही अडचण लंडनच्या कोणत्याही खाणावळीत सुटणारी नव्हती.

ती सोडवली एडमंड बर्कने. वॉरन हेस्टिंग्जवरच्या महाभियोगामुळे पुढे आपल्याला ठाऊक झालेला तोच पार्लमेंटपटू. या मंडळींचे हाल त्याच्या कानी गेले, तेव्हा त्याने त्यांना लंडनबाहेर बीकन्सफिल्डला आपल्या घरी नेले आणि बागेतले मोठे काचघर त्यांच्या हवाली केले. थंडीत नाजूक झाडे जपण्यासाठी बांधलेले ते काचघर. तिथे त्यांनी आपल्या रीतीने स्नानसंध्या करावी, आपल्या हाताने रांधावे, आपापले जेवावे. यजमानाचे पाहुणे कुतूहलाने ते बघायला येत. या दृश्याने मला फार दिवस धरून ठेवले आहे. इंग्लंडचा पावसाळी उन्हाळा, काचेच्या भिंती, आत शेगडीचा धूर आणि बाहेर उभे राहून भात शिजताना पाहणारे उमराव. एक गोष्ट मात्र विसरू नये. ते काचघर ब्राह्मणाचे होते तसे पारशांचेही होते. तिघे एकाच राजकारणासाठी हजारो कोस आले, पण हणमंतरावाला पारशाच्या हातचे चालले नसते. म्हणजे एका छपराखाली चुली किमान दोन असणार.

बर्कने पुढे राघोबादादांना पत्र लिहिले. त्याचा आशय वाचण्यासारखा आहे. तुमच्या वकिलाला सुरुवातीला जे सोसावे लागले ते आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे, दुष्टाव्यामुळे नव्हे, असे तो लिहितो. हणमंतरावाने आपला धर्म किती निष्ठेने सांभाळला याची ग्वाही देतो, आणि त्याच्या जातीच्या माणसावर असली कामगिरी पुन्हा लादू नये असे सुचवतो. एका यजमानाने पाहुण्याच्या चुलीविषयी राजाला लिहिलेले असे पत्र दुसरे मला माहीत नाही. या भेटीने बर्कला हिंदुस्थान कागदावरून उठून समोर आलेला दिसला, आणि पुढची चौदा-पंधरा वर्षे तो कंपनीच्या कारभारावर तुटून पडला. त्यात या काचघराचा वाटा किती हे कोणी तोलून सांगू नये. पण तो शून्य नसावा.

घरी परतल्यावर काय झाले? याची हकीकत फ्रान्सिस विल्फर्डने शतकाच्या अखेरीस 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये दिली आहे. तो दोन ब्राह्मण वकील म्हणतो. ते सुएझपर्यंत समुद्रमार्गे गेले आणि परतताना इराणमार्गे आले, म्हणजे सिंधू ओलांडून आले. त्यामुळे ते बहिष्कृत ठरले. खूप खल झाल्यावर, त्यांचे शील आणि कामगिरीचे कारण पाहून ब्रह्मवृंदाने तोड काढली: सोन्याच्या योनीतून बाहेर पडून त्यांनी पुनर्जन्म घ्यावा आणि ते सोने दान करावे. विल्फर्डची साक्ष जपून घ्यावी लागते. ज्या पंडिताच्या भरवशावर त्याने पुष्कळ लिहिले त्याने आपल्याला फसवले, अशी कबुली त्याला स्वतःलाच पुढे छापावी लागली होती. पण हिरण्यगर्भविधी आपल्याकडे अपरिचित नाही, त्यामुळे हकीकत अगदीच हवेतली वाटत नाही. मला बोचते ते दुसरेच. ज्या दादांच्या फौजा १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोहोचल्या, त्याचा 'अटकेपार' हा अभिमानाचा शब्द आपण अजून वापरतो, त्याच दादांच्या वकिलाला अटकेची नदी ओलांडली म्हणून अशुद्ध ठरवले गेले. हणमंतरावाने काचघरात इतक्या सायासाने जपलेले सोवळे घरच्या अंगणात कोणी मोजलेच नाही.

आता साताऱ्याकडे येऊ. विलायतेची वाट म्हटली की साताऱ्याच्या माणसाला रंगो बापूजी गुप्ते आठवणारच. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ च्या सप्टेंबरात पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. १८४० मध्ये पोहोचले आणि १८५३ च्या अखेरीस परतीला लागले. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले, त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजीराजे १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. ज्या गादीसाठी वकिली चालली होती ती गादीच उरली नाही, तरी हा माणूस लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत भांडत राहिला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन, जॉन सलिव्हन असे गोरे साथीदार त्याने मिळवले, इंग्रजी शिकला, भागधारकांच्या सभांत उभा राहिला. एवढी वर्षे कोणी काचघरात काढू शकत नाही.

रंगो बापूजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. मांसमासळी त्यांच्या समाजाला वर्ज्य नाही, त्यामुळे हणमंतरावापुढचा प्रश्न त्यांच्यापुढे त्या रूपात नव्हता. पण अन्न आणि जात यांची गाठ किती घट्ट होती हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १८३० च्या आगेमागे साताऱ्यात वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. प्रभूंना वेदोक्त कर्माचा अधिकार आहे की नाही, यावर शास्त्रार्थ झाले, ग्रामण्ये झाली. प्रतापसिंह महाराज प्रभूंच्या बाजूने, आणि विरोधकांच्या अग्रभागी सांगलीचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. सातारा आणि सांगली यांच्यात तेव्हा कृष्णेचे पाणी एकच होते, पंगत एक नव्हती. आज या दोन गावांतली माणसे युरोपच्या बसमध्ये शेजारी बसून एकच वरणभात खातात, तेव्हा मला हे हमखास आठवते आणि मी ते कोणाला सांगत नाही.

सोवळ्याचा हा मार्ग पुढेही चालू राहिला, पण तो ज्याला परवडेल त्याच्यासाठी. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला गेले तेव्हा त्यांनी अख्खी आगबोट भाड्याने घेतली आणि गंगाजलासाठी चांदीचे प्रचंड रांजण नेले. प्रत्येकात सुमारे ४००० लिटर पाणी मावते. जयपूरच्या राजवाड्यात ते आजही पाहायला मिळतात. पण एवढ्या चांदीने प्रश्न सुटला तो एका राजाचा.

मधल्या काळात प्रश्नाचे रूप बदलत होते, आणि ते बदलले मुख्यतः विद्यार्थ्यांमुळे आणि एका बाईमुळे.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे एक गाठ सुटायला हवी होती. धर्म बदलला, जातीने वाळीत टाकले, मग पंगतीचे नियम पाळायचे कोणासाठी? रमाबाईंनी मांस तर घेतले नाहीच, पण अंडे घातलेले पुडिंगही नाकारले. मठातल्या भगिनींना, विशेषतः त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना, हे खटकले. त्यांच्या दृष्टीने हा जातीच्या अहंकाराचा उरलेला अंश होता. ख्रिस्ती झालेल्या बाईने पुढ्यात आलेले नम्रपणे खावे, हीच विनयाची खूण. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे आणि ते कडक आहे. मला हिंदू म्हटलेले आवडते कारण मी आहेच, आणि पूर्वजांच्या चालीरीती जमतील तितक्या मी पाळणार, असा त्याचा मथितार्थ.

हा वाद एका पुडिंगवरचा वाटेल, पण त्याला खोली आहे. जेराल्डिनबाई अगदीच चुकत होत्या असेही मी म्हणणार नाही. आपल्याकडे शाकाहार आणि जातीचा ताठा यांचे साटेलोटे होते आणि आहे. ते बाहेरच्या माणसाला आपल्याआधी दिसते. पण रमाबाई दुसऱ्या कोणाच्या हातचे नाकारत नव्हत्या. मठातल्या ताटात, मठातल्या चुलीवरचे, ख्रिस्ती भगिनींच्या हातचे त्या खातच होत्या. नाकारत होत्या तो पदार्थ. हणमंतरावापासून रमाबाईंपर्यंत शंभर वर्षांत गाडी इथवर आली होती. कोणी रांधले हा प्रश्न मागे पडला, काय रांधले हा उरला. आणि हे पाऊल टाकले ते जिला कोणत्याच पंगतीत जागा उरली नव्हती अशा बाईने.

पुण्यात याच सुमारास काय चालले होते ते पाहा. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती शिवली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावे छापून टाकली आणि ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. चहात मांस नव्हते की मद्य नव्हते. पुणे अजून हणमंतरावाच्याच काळात होते.

रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या १८८६ मध्ये. दोन वर्षांनी तरुण मोहनदास गांधी लंडनला उतरला. त्याची कथा गुजराती असली तरी तिच्याशिवाय आपला विषय पुढे सरकत नाही. आईसमोर, एका जैन साधूच्या साक्षीने त्याने मद्य-मांस-स्त्री वर्ज्य केले होते. पहिले काही आठवडे तो उपाशीच म्हणायचा: सकाळी ओटची लापशी, दुपारी-रात्री पालक, पाव आणि मुरंबा, तोही जास्त मागायची लाज. मग पायपीट करता करता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारातच हेन्री सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक विकायला होते. एका शिलिंगला ते घेतले आणि पोटभर जेवला. सापडलेल्या आनंदाला त्याने आत्मकथेत जी जागा दिली आहे, ती बॅरिस्टरीच्या परीक्षेलाही दिलेली नाही.

हे उपाहारगृह आले कुठून? ते हिंदी माणसासाठी उघडलेले नव्हते. इंग्लंडात ३० सप्टेंबर १८४७ रोजी रॅम्सगेट येथे व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली होती, आणि त्याच सुमाराला 'व्हेजिटेरियन' हा शब्द रूढ होत पायथॅगोरसला निवृत्त करत होता. चळवळ होती मद्यपानविरोधकांची, समाजसुधारकांची, प्राण्यांवर दया करणाऱ्यांची आणि काटकसर करणाऱ्या कारकुनांची. सहा पेनीत जेवण मिळे, तेही दारूशिवाय. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना विलायतेत जेवू घातले ते इंग्रज सुधारकांनी, आपल्या धर्मशास्त्राने नव्हे. हिंदी माणसाचे हिंदी खाणे लंडनमध्ये याच्या कितीतरी आधी येऊन गेले होते. शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' काढले आणि दोन वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. पण तिथेही गिऱ्हाईक परतलेले साहेबच, आणि शाकाहाऱ्याला तिथे जावे असे कारण नव्हते.

गांधींनी एक बारकावा नोंदवला आहे तो आजच्या प्रवाशालाही उपयोगी पडेल. मांस म्हणजे काय याच्या तीन व्याख्या त्यांना इंग्लंडात भेटल्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस, म्हणजे मासे आणि अंडी चालतात. दुसरीत सर्व जीवांचे मांस, म्हणजे अंडी चालतात. तिसरीत अंडी-दूधही आले. पहिली व्याख्या धरली तर मासेही मोकळे. पण त्यांनी विचार केला, शपथ घेताना आईच्या मनात कोणती व्याख्या होती? तीच बांधील. मग शाकाहारी उपाहारगृहातही विचारून घ्यावे लागू लागले, कारण पुडिंगात आणि केकात अंडी असत. वाँटेजच्या मठातले तेच पुडिंग, पुन्हा ताटात. रमाबाईंनी पूर्वजांच्या नावाने नाकारले, गांधींनी आईच्या. वीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९०९ ला, लंडनमधल्या हिंदी तरुणांनी विजयादशमीचे जेवण ठेवले. अध्यक्ष गांधी, वक्ते सावरकर. जेवण शाकाहारी असावे ही गांधींची अट होती. ज्यांचे पुढे कशावरच एकमत झाले नाही ते दोघे त्या संध्याकाळी एकाच पंगतीला होते.

यानंतरचा काळ झपाट्याने सांगता येतो, कारण अडचण सवयीची झाली. टिळक चिरोल खटल्यासाठी १९१८ च्या ऑक्टोबरअखेर लंडनला पोहोचले आणि मेडा व्हेलमधल्या १०, हाउली प्लेस या घरात राहिले. त्या घरावर आज निळी पाटी आहे. पंचहौदच्या चहापासून तोवर अठ्ठावीस वर्षे गेली होती. गोलमेज परिषदेला १९३० मध्ये सांगलीचे अधिपती संस्थानिकांचे प्रतिनिधी म्हणून गेले. शंभर वर्षांपूर्वी वेदोक्ताच्या वादात उभ्या राहिलेल्या चिंतामणरावांच्याच घराण्यातले, नावही चिंतामणरावच. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना कोणी सोन्याची गाय करायला सांगितले नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९३६ मध्ये लंडनला गेले तेव्हा तर पारडे उलटेच झाले. तिथल्या एका बातमीदार बाईंनी त्यांच्या सूर्यनमस्कारांवर लेख लिहिले, १९३८ मध्ये लंडनलाच पुस्तक निघाले, आणि कसे खावे-वागावे हे इंग्रज औंधच्या राजाकडून ऐकू लागले. त्याआधी १९३२ मध्ये न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने लंडनचे महाराष्ट्र मंडळ सुरू झाले होते. टिळकांनी पुण्याला बोलावण्यापूर्वी केळकर साताऱ्यात वकिली करत, एवढा आमचा त्यावर हक्क. मंडळ म्हणजे सभासमारंभ, नाटके, गणपती हे खरे. पण परगावच्या मंडळाचे पहिले काम सणावारी चार माणसांना पुरणपोळी मिळवून देणे हेच असते.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो तेव्हा हाउली प्लेसची पाटी मी पाहून आलो. मग पॅडिंग्टनच्या एका साध्या उपाहारगृहात बसलो. पदार्थाच्या नावापुढे इंग्रजी 'व्ही'. मी तरी सवयीने विचारले, अंडे आहे का? मुलीने काउंटरखालून जाडजूड वही काढली. १३ डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात असा नियम लागू झाला, की अन्नातले चौदा प्रकारचे घटक ग्राहकाला कळले पाहिजेत. अंडे, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ वगैरे. ब्रिटन संघाबाहेर पडले तरी तो तिथे राहिला. नियम आमच्यासाठी नाही, ज्यांना ते घटक बाधतात त्यांच्यासाठी आहे. पण आमचे काम होते. काम होत नाही ते चीजच्या बाबतीत. इटलीच्या अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असावेच लागते, आणि ते चौदांच्या यादीत बसत नाही. सूप भाज्यांचे असले तरी पाणी हाडांचे असू शकते. हे ठाऊक असलेले बरे, नसलेलेही बरे.

सांगलीत जैन वस्ती मोठी. माझ्या भावाच्या सहलीतही एक जैन जोडपे होते. कांदा-बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. सहलीचे वेळापत्रक बघून काकांनी हिशेब मांडला होता तो मला फार आवडला. लंडनला जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे इथल्यापेक्षा दोन तास जास्त मोकळीक. डिसेंबरात मात्र चारच्या आत आटपावे लागले असते. म्हणून त्यांनी सहल उन्हाळ्यातली निवडली. नियम लिहिणाऱ्यांनी अक्षांशांचा विचार केला नव्हता. काकांनी केला.

सहलीतले एक मात्र भावाने जरा खालच्या आवाजात सांगितले. दुसऱ्याच दिवशी काही मंडळींनी व्यवस्थापकाकडे मागणी केली, की मांसाहार घेणाऱ्यांची टेबले वेगळी ठेवा. एका बाईंनी तर स्वयंपाकी कुठला, आडनाव काय, हेही विचारून घेतले. व्यवस्थापक तरुण होता. तो हसून म्हणाला, "काकू, त्याचं नाव मलाही नीट येत नाही, पण आमटी उत्तम करतो." बाई गप्प बसल्या, जेवल्या आणि शेवटच्या दिवशी त्या स्वयंपाक्याला शंभर युरो देऊन आल्या. भावाला यात विनोद दिसला. मला बीकन्सफिल्डच्या काचघरातल्या दोन चुली दिसल्या.

झुरिकला त्यांची दुपार मोकळी होती. तिथे हिल्टल नावाचे उपाहारगृह आहे. १८९८ मध्ये शाकाहारी आणि दारूबंदीवाल्यांचे म्हणून निघाले, पुढे संधिवाताने बेजार झालेल्या अँब्रोझियस हिल्टल या शिंप्याने चालवायला घेतले. लोक त्याला हसत. त्याच घराण्यातल्या मार्ग्रिट हिल्टल १९५१ च्या सुमाराला शाकाहारी परिषदेसाठी दिल्लीला आल्या आणि परतताना आपले मसाले मनात भरून गेल्या. त्यामुळे आज तिथे ताट वजनावर भरताना रोस्टीशेजारी डाळ सापडते. भावाने ताटात दोन्ही घेतले, वजन केले, किंमत ऐकून मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि पुढचा अर्धा तास तो करायचा नाही असे ठरवले.

भडंग मात्र तसेच राहिले होते. दोन किलोंतले जेमतेम पाव संपले. शेवटच्या दिवशी विमानतळावर उतरताना वहिनीने उरलेले पाकीट बसच्या ड्रायव्हरला दिले. बारा दिवस सांभाळून नेले होते त्याने. तो पोर्तुगीज होता. त्याने पाकीट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि संकोचाने इंग्रजीत विचारले, "यात शेंगदाणे आहेत का? मला चालत नाहीत."

वहिनीने ते परत घेतले आणि बॅगेतून खाकरे काढून दिले.